पेट्रोल जनरेटर, समुद्राकाठची हवा आणि "इंजिन चालू पण लाईट नाही": बरेच महिने वापरल्यावर लिहितोय

दिवेआगरला आमचं छोटं होमस्टे आहे आणि पावसाळ्यात लाईट जाणं इथे नेहमीचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच पट्ट्यावर आलं, पोफळी आडव्या, खांब आडवे आणि लाईट यायला कित्येक दिवस लागले, तेव्हापासून घरात जनरेटर हवाच असं ठरलं होतं. शेवटी अडीच किलोवॅटचा पेट्रोलवरचा, ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं छोटं सर्किट) असलेला सेट घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या साईजचे बहुतेक सेट आतून सारखेच असतात, आणि खाली जे लिहिलंय ते कुठल्याही ब्रँडला लागू पडेल.

आधी चांगलं ते सांगतो. इंजिनला तोड नाही. पहिलं ऑइल 20 तासांनी बदललं, नंतर वेळच्या वेळी, आणि ते पहिल्या-दुसऱ्या दोरीला चालू होतं. अर्ध्या लोडला तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितो. खोल्यांचे पंखे, एलईडी, फ्रीज, राऊटर हे सगळं आरामात चालतं. विहिरीवरचा एक एचपीचा पंप मात्र एकटाच लावायचा, एक एचपी म्हणजे 746 वॅट हे कागदावर, चालू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, त्या क्षणी फ्रीज चालू असला तर इंजिन दबतं आणि बल्ब मंद होतात. हा मशीनचा दोष नाही, घेताना हिशोब करूनच घ्यायला हवा.

आता मुख्य गोष्ट. हिवाळा-उन्हाळा सेट बराच काळ बंद होता, पावसाच्या तोंडावर चालू केला तर इंजिन सुरेख चाललंय आणि सॉकेटवर काहीच नाही. गावात विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, वायंडिंग (आतल्या तांब्याच्या तारेचं गुंडाळं) गेलं, अल्टरनेटर (इंजिनला जोडलेला वीज तयार करणारा भाग) उतरवून तालुक्याला पाठव. मला हे पटत नाही आणि आजही माझं ठाम म्हणणं आहे की मीटर लावल्याशिवाय कोणी वायंडिंग गेलं म्हणत असेल तर त्याच्या हातात सेट देऊ नका. वायंडिंग जळतं तेव्हा वास येतो, काळं पडलेलं दिसतं, आणि महिनोन्महिने नुसतं उभं असलेलं मशीन सहसा असं जळत नाही.

पहिलं बघायचं ते पॅनेलवरचं एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच. ते वर दिसत असलं तरी एकदा पूर्ण खाली करून परत वर करायचं, आणि मीटर एमसीबीच्या आधीच्या बाजूला लावायचा. तिथे 230 असेल आणि सॉकेटवर नसेल तर अल्टरनेटर ठीक आहे, दोष पॅनेलमध्ये आहे, खारट हवेत सॉकेटच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात ते आमच्याकडे कायमचंच. आणि टेस्टरवर विश्वास ठेवू नका. छोट्या सेटमध्ये बऱ्याचदा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो, त्यामुळे टेस्टर दोन्ही भोकांत मिणमिणतो आणि एका वायरीपासून अर्थिंगपर्यंत मोजलं तर शंभर-सव्वाशेच्या आसपास काहीतरी भलतंच दिसतं, लोक म्हणतात व्होल्टेज अर्धा झाला. मोजायचं ते फेज आणि न्यूट्रल या दोन वायरींमध्येच.

माझ्याकडे एमसीबीच्या आधीही जेमतेम एक व्होल्ट दिसत होता. इथे हे मशीन लाईट तयार कशी करतं ते समजलं की पुढचं सोपं जातं. रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या लोखंडात थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं, इंजिन फिरलं की त्यातून स्टेटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या स्थिर वायंडिंगमध्ये दोन-चार व्होल्ट तयार होतात, एव्हीआर तेवढे घेऊन त्याचं डीसी करतो आणि ब्रशमधून परत रोटरला देतो, रोटर अजून जोरदार चुंबक होतो, व्होल्टेज अजून वाढतो, असं करत क्षणात 230 ला पोचतं आणि तिथे एव्हीआर त्याला धरून ठेवतो. 1866 साली वेर्नर फॉन सीमेन्सने जे डायनॅमोचं तत्त्व मांडलं तेच हे, दीडशे वर्षं झाली तरी आपल्या अंगणातला सेट त्यावरच चालतो याचं मला खरंच अप्रूप वाटतं. तर ही साखळी कुठेही तुटली, म्हणजे चुंबकत्व गेलं, ब्रश टेकला नाही किंवा एव्हीआर मेला, तर इंजिन कितीही छान चालू दे, हाती दोन-चार व्होल्टच येणार.

इंजिन बंद करून मागचं झाकण काढलं, एव्हीआरचा प्लग सोडवला आणि ब्रशच्या दोन पिनांवर ओहम मोजले. आकडा एका जागी ठरेना, मध्येच ओपन दाखवायचा. ब्रशहोल्डर काढला, ब्रशची लांबी भरपूर होती, स्प्रिंगही ठीक, पण स्लिप रिंगवर, म्हणजे ब्रश ज्यावर टेकतात त्या रोटरवरच्या कड्यांवर, काळसर-हिरवट थर बसलेला. समुद्राकाठी हे होणारच. अगदी बारीक पॉलिश पेपरने, रोटर हाताने फिरवत, हलक्या हाताने साफ केलं (जाड पेपर वापरू नका, चरे पडले तर ब्रश भराभर झिजतात) आणि कोरड्या कपड्याने पुसलं. मग ओहम स्थिर आले, पन्नासच्या जवळपास, आणि रिंगपासून शाफ्टला कंटिन्युइटी नाही म्हणजे रोटर बॉडीला शॉर्ट नाही. तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो, मॅन्युअल बघा.

तरी लाईट आली नाही, म्हणजे उरलेलं चुंबकत्वही गेलेलं. खूप दिवस बंद ठेवलं की हे होतं, आणि लोड चालू असतानाच पेट्रोल संपून सेट बंद पडला तरी होऊ शकतं, म्हणून आधी लोड काढायचा, मग इंजिन बंद करायचं ही सवय घरातल्या सगळ्यांना लावलीय. उपाय म्हणजे फ्लॅशिंग, बॅटरीने रोटरला क्षणभर करंट देऊन चुंबकत्व परत आणणं. इंजिन बंद, एव्हीआरचा प्लग काढलेला, आणि 12 व्होल्टच्या बॅटरीचा प्लस ब्रशच्या प्लसला, मायनस मायनसला दोन-तीन सेकंद टेकवायचा, बस. कुठला ब्रश प्लस ते एव्हीआरवर लिहिलेलं असतं, प्लग काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. मग प्लग परत लावला, इंजिन चालू केलं आणि मीटर सरळ 230 वर गेला.

यातही आलं नसतं तर पुढची टेस्ट मला सगळ्यात जास्त आवडते कारण ती एका फटक्यात निकाल लावते. एव्हीआर काढलेलाच ठेवायचा, सगळा लोड काढायचा, एमसीबी खाली, बॅटरीच्या वायरी ब्रशला पक्क्या जोडायच्या आणि मग इंजिन चालू करून, हात लांब ठेवून, एमसीबीच्या आधी व्होल्टेज बघायचा. बॅटरीवर चांगले पन्नास-साठ व्होल्ट आले तर रोटर आणि मेन वायंडिंग दोन्ही जिवंत आहेत, संशय एव्हीआरवर किंवा त्याला सप्लाय देणाऱ्या छोट्या वायंडिंगवर, आणि एव्हीआर रिवाइंडिंगच्या मानाने खूपच स्वस्त वस्तू आहे. काहीच आलं नाही तरच वायंडिंगवाल्याकडे जायचं.

भर पावसाळ्यात दुसरा त्रास झाला, व्होल्टेज शून्य नाही पण 180 च्या आसपास, लोड टाकला की अजून खाली. इथे व्होल्टेज बघण्याआधी हर्ट्झ बघा. दोन पोलचा अल्टरनेटर मिनिटाला 3000 फेरे फिरला की 50 हर्ट्झ देतो, मोकळा असताना 52 च्या आसपास असणं बरोबर. माझा 44 दाखवत होता म्हणजे अल्टरनेटरचा प्रश्नच नव्हता, कार्बुरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा बसलेला. जेट साफ केला, एअर फिल्टर धुतला, काम झालं. गव्हर्नरचा (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा) स्क्रू पिळून रेस वाढवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, जेट नंतर कधी मोकळा झाला की हर्ट्झ आणि रेस दोन्ही वर जाऊन फ्रीजच्या जिवावर येतं. हर्ट्झ बरोबर असून व्होल्टेज कमी असेल तरच एव्हीआरकडे वळायचं.

ज्यांच्याकडे बिनब्रशचा, कपॅसिटरवाला सेट आहे त्यांनी पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा, तो गेला की हीच दोन-चार व्होल्टची अवस्था होते. हात लावण्याआधी डिस्चार्ज करायचा, आणि नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि मोटर रनचाच घ्यायचा, स्टार्टिंगचा चालत नाही. इन्व्हर्टर जनरेटरचं गणितच वेगळं, त्यात रोटरला कायमचे चुंबक असतात, तिथे फ्लॅशिंगच्या भानगडीत पडू नका.

आता महिन्यातून एकदा, पाऊस असो नसो, पंखे आणि फ्रीजचा लोड देऊन अर्धा तास चालवतो, चेंजओव्हर स्विचमधूनच (घर एका वेळी एकतर लाईनवर नाहीतर जनरेटरवर ठेवणारा स्विच), आणि पडवीत नाही तर उघड्यावर, पत्र्याच्या आडोशाला, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही की त्याचा वास येत नाही. बंद खोलीत "जरा वेळ" म्हणून चालवणारे अजून आहेत गावात, त्यांना मी हात जोडून सांगतो. सेट घ्यावा का, तर हो, नक्की घ्या, पण त्याच दिवशी हर्ट्झ दाखवणारा मीटर पण घ्या.