निम्म्या स्प्रिंगांचे ॲक्च्युएटर

आमचं जहाज जुनं, किनाऱ्या-किनाऱ्याने माल नेणारं. मुंबईत ड्राय डॉकला (पाणी काढून जहाज दुरुस्त करतात त्या गोदीत) घेतलं तेव्हा बॅलास्टच्या, म्हणजे जहाजाचा तोल राखायला टाक्यांत घेतात त्या पाण्याच्या, लाइनवरच्या ६ बटरफ्लाय व्हॉल्व्हचे (पाइपातली गोल पाकळी फिरवून उघडणारे-मिटणारे) हवेवर चालणारे ॲक्च्युएटर, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारी यंत्रं, बदलायचं ठरलं. कंपनीकडून नवे यायला ८ आठवडे लागणार होते, आणि डॉकचं भाडं रोज चढत होतं. दारूखाना या मुंबईतल्या जुन्या जहाजी सामानाच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडे 'न वापरलेले' नग तयार होते, तेही एक तृतीयांश स्वस्त. घ्यायचा निर्णय माझा.

मागणी स्पष्ट होती: स्प्रिंग रिटर्न. हवेने उघडायचा, हवा गेली की स्प्रिंगने आपोआप मिटायचा. व्यापाऱ्याने कॉम्प्रेसर लावून दाखवलं. झटक्यात उघडला, हवा सोडली की झटक्यात मिटला. तिथेच फसलो. त्या टेबलावर ॲक्च्युएटरला व्हॉल्व्ह जोडलेलाच नव्हता. शिवाय आत स्प्रिंगा कमी असल्या की हवेला विरोध कमी होतो, त्यामुळे उघडणं उलट जास्तच जोरदार दिसतं.

जहाज पाण्यात उतरल्यावर ओव्हरबोर्ड (पाणी जहाजाबाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हची हवा तोडली आणि फिटर ओरडला, "साहेब, काटा पूर्ण गेला नाही!" व्हॉल्व्ह १५ अंश उघडाच. पाकळी जिच्यावर टेकते ती सीट रबरी असली की शेवटच्या काही अंशांत पाकळी दाबून बसवायला जोर लागतो, आणि नेमकी तेव्हाच स्प्रिंग सुटत आलेली, सर्वांत ढिली असते. शेजारचा हाताचा व्हॉल्व्ह लगेच बंद केला म्हणून निभावलं.

नग उतरवून उघडला. पाटीवरच्या मॉडेलप्रमाणे दोन्ही टोकांना ६-६ स्प्रिंगा हव्या होत्या, निघाल्या ३-३. एकाच्या स्प्रिंगांत दोन नग भरले होते. नव्या रंगाखाली पान्याचे जुने व्रण, पाटीचे रिव्हेट मात्र कोरे. सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवरचा सीरियल नंबर सहापैकी एकाही बॉडीवर नव्हता. पैसे देण्याआधी हे पाच मिनिटांत दिसलं असतं. मी पाहिलं नाही, याची चुटपुट अजून जात नाही.

तुम्ही घेत असाल तर नग वजनकाट्यावर ठेवून कॅटलॉगमधल्या वजनाशी ताडा. सर्टिफिकेटचा नंबर क्लासच्या (जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या) कार्यालयाला विचारून पक्का करा. चाचणी आपल्याच व्हॉल्व्हवर घ्या, पाणी असताना. ॲक्च्युएटरचा साइज निवडताना कागदावरचा ७ बार हवेचा दाब धरू नका. आमच्याकडे दोन व्हॉल्व्ह एकदम चालवले की पुढच्या टोकाला तो साडेपाचवर येतो. तेवढ्या दाबावर उघडून पाव हिस्सा टॉर्क (फिरवायचा जोर) शिल्लक राहिला पाहिजे, आणि मिटताना स्प्रिंगच्या शेवटच्या टोकाचा टॉर्क बघायचा, सुरुवातीचा नाही. संशय आला तरी टोपणं घाईने उघडू नका. आत स्प्रिंगा दाबलेल्या असतात. लांब बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे सैल करायचे.

व्यापाऱ्याने दोन नगांचे पैसे दिले, नंतर फोन उचलणं बंद केलं. शेवटी नवे मागवलेच. ते येईपर्यंत ती लाइन हाताच्या व्हॉल्व्हवर चालवली, दर वॉचला (ड्युटीच्या पाळीला) एक माणूस तिथे उभा करून.