फोटोवर रेघा येत असतील तर म्हापशातले हे प्रिंटरवाले काका बघा (४ स्टार)

इंकटँक प्रिंटरवर फोटो छापला की आभाळात आडव्या पांढऱ्या रेघा, बाकी रंग ठीक. बहुतेक दुकानवाले न बघताच हेड (शाई सोडणारा भाग) गेलं म्हणून मोकळे होतात, पण मार्केटजवळच्या या काकांनी आधी नोझल चेक (हेडची बारीक भोकं नीट शाई सोडतात का ते दाखवणारी टेस्ट प्रिंट) काढला, त्यातल्या सायनच्या (निळसर शाईच्या) जाळीत कुठे कुठे तुटलंय ते बोट ठेवून दाखवलं, एकदाच हेड क्लीनिंग मारलं आणि म्हणाले रात्रभर राहू दे असाच, सारखं क्लीनिंग केलं की शाई जातेच वर वेस्ट पॅडपण (वाया गेलेली शाई शोषणारं) भरतं. दुसऱ्या दिवशी जाळी पूर्ण आली तरी बारीक रेघा होत्याच, मग हेड अलाइनमेंट (हेडची जुळणी) केलं, हाय स्पीड बंद केलं (त्यात हेड जाता-येता दोन्हीकडून छापतं, जरा जुळलं नाही की रेघ) आणि पेपर सेटिंग प्लेनवरून ग्लॉसीवर घेतलं. आता प्रिंट स्लो येते पण एकदम क्लीन!! पावसात फोटो पेपर बंद पिशवीत ठेवा हेही त्यांनीच सांगितलं, दमट हवेत तो वाकतो नि हेडला घासतो. पार्किंगची मात्र बोंब, शुक्रवारी बाजार असतो तेव्हा तर जाऊच नका. बिल मागून घ्यावं लागतं, एक स्टार त्याचा कमी.