कॅथलिक प्रायमरी शाळेतलं आमचं पाचवं वर्ष: 'ब्रॉड अँड इन्क्लुझिव्ह' करिक्युलमचा खराखुरा रिव्ह्यू

दर जानेवारीत कुणी ना कुणी विचारतंच की कॅथलिक शाळेत पोरांना घालू का, ते धर्म शिकवतात म्हणजे बाकीचं राहून जातं का, आपली मुलं तिथे वेगळी पडतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. लेक इयर फोरला (वय आठ-नऊ), धाकटा इयर वनला (पाच-सहा). इंग्लंडातली सरकारी पैशावर चालणारी, व्हॉलंटरी एडेड म्हणतात तसली शाळा, फी नाही. नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि उद्या साडेतीनला मला त्याच गेटवर उभं राहायचंय.

वेबसाईटवर लिहिलंय की आमचा करिक्युलम ब्रॉड, बॅलन्स्ड आणि इन्क्लुझिव्ह आहे, म्हणजे अभ्यासक्रमात सगळे विषय आणि सगळी मुलं सामावलेली. आता हे काय, सगळ्याच शाळा लिहितात, वधूवर सूचक मंडळात सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष असतात तसं. खरं काय ते टाइमटेबल मागितल्यावर कळतं. आठवड्यात शिकवायचे तास धरा साधारण २५. इंग्लंड आणि वेल्सच्या कॅथलिक बिशपांचा नियम असा की त्यातला किमान १० टक्के वेळ आरईला, म्हणजे धर्मशिक्षणाला, द्यायचा, म्हणजे झाले अडीच तास, आणि रोजची प्रार्थना, असेंब्ली, भजनांची प्रॅक्टिस हे त्यात धरायचं नाही, ते वरून वेगळं. सकाळ अख्खी इंग्लिश आणि मॅथ्स खातात. उरल्या दुपारी. त्यात सायन्स, हिस्ट्री, जॉग्रफी, आर्ट, डिझाइन, म्युझिक, कॉम्प्युटिंग, पीई आणि इयर थ्रीपासून एक परकी भाषा. पीठ तेवढंच आणि भाकऱ्या डबल!

तरी आमच्या शाळेनं बसवलंय बऱ्यापैकी, हे मान्य करते. हिस्ट्री आणि जॉग्रफी एक हाफ टर्म (अर्धं सत्र) सोडून एक, त्यामुळे जे शिकवतात ते नीट खोलात जाऊन. लेंटच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, आरईमध्ये दानधर्माचा विषय असतो तेव्हाच जॉग्रफीत पाणी, कुठल्या देशात ते कुणाला किती लांबून आणावं लागतं वगैरे, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर जे पत्र काढलं त्याचा धागा टीचरनी सायन्सपर्यंत नेला होता आणि तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटला नाही. फ्रेंच मात्र म्हणजे बोंजूर आणि सात रंग, पुढे गाडी जात नाही.

हिस्ट्रीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तिथे मी खूश आहे. नॅशनल करिक्युलममध्ये जुन्या संस्कृतींपैकी एक खोलात शिकवायची असते, सुमेर, सिंधू, इजिप्त नाहीतर चीनमधलं शांग घराणं, शाळेनं निवडायचं. ओळखीतल्या बहुतेक शाळांत इजिप्तच, ममी म्हटलं की मुलं खूश आणि टीचरकडे वर्कशीट तयार असतात. आमच्याकडे सिंधू घेतली. लेकीनं पुठ्ठ्याचं मोहेंजोदडो केलं, झाकणवाल्या गटारांसकट, आणि व्हिडिओ कॉलवर आजोबांना दाखवत होती तर आजोबा म्हणाले, "अगं चार हजार वर्षांपूर्वी जमलं ते आमच्या गल्लीत अजून जमेना." ही शाळा मला आपली वाटायला लागली ती तिथून.

पण इन्क्लुझिव्ह म्हणजे भिंतीवर जगाचा नकाशा आणि झेंडे असं समजणाऱ्या प्रकारातून आम्ही पण सुटलो नाही हां. पहिल्या वर्षी वर्गाच्या दारावर वेगवेगळ्या भाषांतल्या हॅलोचा तक्ता होता, त्यात 'नमस्ते' आणि शेजारी भाषा काय तर 'हिंदू'. मी सांगितलं की हिंदू ही भाषा नाही आणि आम्ही घरी मराठी बोलतो, नमस्कार म्हणतो. टीचर बिचारी लाजून लाल झाली आणि दुसऱ्या दिवशी तक्ता बदलला. घरी मराठीच बोला, इंग्लिश आम्ही बघतो, असं मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं, ते मला फार आवडलं. इयर फोरमध्ये पाढ्यांची सरकारी टेस्ट असते, कॉम्प्युटरवर २५ प्रश्न आणि प्रत्येकाला ६ सेकंद, १२ गुणिले १२ पर्यंत. आजीनं फोनवर घोकून घेतलेले बे एके बे तिथे कामाला येतायत, प्रॅक्टिसमध्ये मराठीत आठवून उत्तर इंग्लिशमध्ये टाकते आणि तरी वेळ उरतो.

आता धर्माचं, कारण खरा प्रश्न सगळ्यांना तोच असतो. जेवणाआधी प्रार्थना, अ‍ॅडव्हेंट (ख्रिसमसआधीचे आठवडे), लेंट, टर्ममध्ये काही वेळा मास (कॅथलिकांची मुख्य प्रार्थनासभा), हे सगळं आहे आणि शाळा ते लपवत नाही. कुणी धर्म बदला असं सुचवलं पण नाही. मासमध्ये जी मुलं कॅथलिक नाहीत ती छातीवर हातांची घडी घालून पुढे जातात, फादर आशीर्वाद देतात, संपलं. आरई आणि प्रार्थनेतून मुलाला काढून घ्यायचा हक्क कायद्यानं पालकांना आहे, इथेही, आम्ही वापरला नाही. एकदाच गडबड झाली, इयर थ्रीमध्ये वर्गातल्या बऱ्याच मुलींचं फर्स्ट होली कम्युनियन (मासमधला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घ्यायचा सोहळा, मुली पांढरे फ्रॉक घालतात) होतं आणि लेक घरी येऊन विचारते, "आई, माझा पांढरा फ्रॉक कधी?" तिला काय सांगायचं ते मला सुचेना, टीचरनी मात्र सुंदर हाताळलं, वर्गात ज्याच्या त्याच्या घरी मोठं होताना काय काय करतात ते सगळ्यांना सांगायला लावलं आणि आमच्या लेकीनं कान टोचण्याची कथा इतकी रंगवून सांगितली की दोन मुली घाबरल्या.

इतर धर्म शिकवतात का? शिकवतात. २०२३ मध्ये कॅथलिक आरईचा नवा आराखडा आलाय, वर्षाचे सहा भाग, त्यातला सहावा संवादाचा, त्यात इतर धर्म आणि जगाकडे बघायच्या इतर पद्धती येतात. कागदावर उत्तम. पण सहावा म्हणजे येतो समर टर्मच्या शेवटी, तेव्हा स्पोर्ट्स डे, सहली, वर्ष संपत आल्याची धांदल, त्यामुळे ज्याला खरा वेळ हवा तो भाग घाईत उरकतो. मागच्या वर्षी दिवाळीला पणती आणि हा तुटपुंजा भाग, एवढ्यावरच आमचं खातं बंद झालं. हा स्टार मी इथेच कापते.

आता मेन गोष्ट, हा रिव्ह्यू लिहायला बसले ती. धाकट्याचं बोलणं उशिरा सुरू झालं, त्यामुळे त्याला शाळेत जादा मदत मिळते, सेन्को बाई (म्हणजे खास गरजा असलेल्या मुलांचं बघणाऱ्या) कामाला वाघ आहेत, दर टर्मला बसून काय ठरलं, काय झालं, पुढे काय, सगळं लिहून देतात. मकाटॉनच्या खुणा (बोलण्याच्या जोडीला हातांनी करायच्या) अख्ख्या वर्गाला शिकवल्यात, ख्रिसमसच्या गाण्यात सगळी मुलं हातांनी पण गात होती आणि आमचा धाकटा ओठ न हलवता पहिल्यांदा पूर्ण गाणं 'म्हणाला', मी मागच्या रांगेत रडत होते ते सोडा. इयर वनला जूनमध्ये फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायची, टेस्ट असते, ४० शब्द, त्यातले २० चक्क खोटे, मुलं त्यांना एलियन शब्द म्हणतात. त्यासाठी त्याला रोज वेगळं बसवून शिकवत होते. पेरेंट्स इव्हिनिंगला टीचर कौतुक करत होती, प्रोग्रेस मस्त आहे म्हणाली, मी सहज त्याचं स्केचबुक उघडलं. तीन पानं लागोपाठ कोरी. वर कोपऱ्यात फक्त तारीख.

विचारलं तर कळलं की ती फोनिक्सची वीस मिनिटं दुपारी असतात, आर्ट नाहीतर म्युझिक चालू असताना. म्हणजे बघा, सकाळी कुणाला बाहेर काढायचं नाही कारण इंग्लिश मॅथ्स महत्त्वाचं, आरईमधून काढायचं नाही कारण ही कॅथलिक शाळा, मग उरलं काय? तर ज्या पोराला शब्दांत सांगता येत नाही त्याचं चित्र काढायचं काढून घेतलं आणि त्याला नाव इन्क्लुजन! वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण ब्रॉड करिक्युलम बाकीच्या २९ जणांना आणि माझ्या पोराला तोच अरुंद, आणि हे कुठल्याच पॉलिसीत दिसत नाही. शाळा बघायला जाल तेव्हा हॉलमधलं डिस्प्ले बघू नका, सरळ विचारा की जादा मदत लागणारी मुलं वर्गाबाहेर जातात तेव्हा वर्गात कुठला विषय चालू असतो.

सेन्को आणि हेडटीचर, दोघींना भेटले, भांडायला नाही पण स्केचबुक घेऊन. हेडटीचरनी ती पानं उलटून बघितली आणि म्हणाली, खरंय, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन आठवड्यांत बदल केला, आता फोनिक्स सकाळी हजेरीच्या वेळी, मुलं कोट काढून बसतात त्या पंधरा मिनिटांत, आणि स्पीचचे काही व्यायाम म्युझिकमध्येच घेतात, ताल धरून शब्द तोडायचे, ते बाकीच्या मुलांना पण चालतं. गुरुवारी मात्र माणूस नाही म्हणून अजून दुपारीच. ते पण होईल म्हणतात, बघू.

इन्स्पेक्शनचं: ऑफस्टेड (शाळा तपासणारी सरकारी संस्था) अशा शाळेतलं आरई बघत नाही, त्यासाठी कॅथलिक स्कूल्स इन्स्पेक्टोरेटचा वेगळा रिपोर्ट असतो, दोन्ही वाचा. सप्टेंबर २०२४ पासून ऑफस्टेडनं अख्ख्या शाळेला एका शब्दातला शेरा द्यायचं बंद केलंय, त्यामुळे जुनं 'आउटस्टँडिंग' बॅनर बघून भुलू नका, वर्ष बघा.

स्टार म्हणाल तर पाचपैकी चार. अ‍ॅडमिशनला जागा कमी पडल्या तर बाप्तिस्मा झालेली कॅथलिक मुलं आधी, आमच्या वर्षी जागा शिल्लक होत्या म्हणून मिळाली, जागा असेल तर नाही म्हणता येत नाही त्यांना. काउन्सिलचा फॉर्म १५ जानेवारीच्या आत, आणि शाळेचा स्वतःचा पुरवणी फॉर्म वेगळा असतो तो शाळेला द्यायचा, तो विसरू नका, आम्ही शेवटच्या दिवशी पावसात धावत जाऊन दिला होता.