८ जीबी रॅमवर निंजा आणि सीसीकॅश: आठ महिन्यांनंतर

पावसाळ्यात सुरू केलं. क्लँग या सी++ कंपायलरमध्ये एक बारीकशी दुरुस्ती सुचवायची होती, म्हणून इंदिरानगरच्या घरी बसून तो ज्या प्रकल्पाचा भाग आहे ते अख्खं एलएलव्हीएम बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून चालणारे प्रोग्राम बनवायला घेतलं. रात्री लावून झोपायचे, सकाळी उठून बघावं तर लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) सिग्नल ९ ने, म्हणजे सिस्टिमने सक्तीने बंद केल्याने, मेलेला. सलग चार रात्री हेच. लॅपटॉप बिघडला असेल म्हणून कॉलेज रोडवरच्या दुकानात नेला. त्यांनी तपासणीचे पाचशे घेतले आणि म्हणाले, "ताई, रॅम बोर्डवरच सोल्डर आहे, वाढणार नाही. नवाच घ्या." सत्तर हजार कुठून आणू? त्या पाचशेचा राग अजून गेलेला नाही, कारण लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं.

पहिले दोन महिने मी निंजालाच नावं ठेवली. निंजा आणि मेक ही बिल्डची कामं लावून देणारी टूल्स. मेकला -जे (एकदम किती कामं चालवायची तो आकडा) दिलं नाही तर तो एका वेळी एकच काम करतो. निंजा मात्र न विचारता प्रोसेसरच्या थ्रेडच्या संख्येपेक्षा दोन जास्त कामं लावतो. माझ्याकडे ८ थ्रेड, म्हणजे एकदम १०. कंपाइल होईपर्यंत हे निभतं. पण डीबग माहितीसकट (चुका शोधायला लागणारी जादा माहिती) एलएलव्हीएमची एकेक एक्झिक्युटेबल लिंक होताना कित्येक जीबी खाते. अशा तीन लिंक एकत्र आल्या की स्वॅपही (डिस्कवरची जादा मेमरी) भरतो आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकीचा गळा धरतो. आकडा कमी करून -जे २ दिलं तर लिंक निभायची, पण कंपाइलला दुप्पट-तिप्पट वेळ. रात्र पुरायची नाही, मध्ये वीज गेली की आणखी खोळंबा.

मग एलएलव्हीएमच्या दस्तऐवजात 'पॅरलल लिंक जॉब्स' ही सेटिंग सापडली आणि माझं मत पार फिरलं. कंपाइल ८, लिंक फक्त १. निंजात 'पूल' नावाची सोय आहे, एका जातीच्या कामांना वेगळी मर्यादा घालता येते; सीमेक या निंजासाठी सूचना तयार करणाऱ्या टूलमधून आपल्या प्रकल्पालाही ती लावता येते. मेकवर ही सेटिंग चालत नाही. म्हणजे ज्याला मी शिव्या घालत होते त्याच्याकडेच औषध होतं! सोबत एलएलव्हीएमचाच एलएलडी लिंकर घेतला, बिल्ड रिलीज मोडमध्ये (डीबग माहितीशिवाय, वेगवान) पण असर्शन, म्हणजे कोडमधल्या स्वतःच्या तपासण्या, चालू ठेवून केलं. त्या दिवसापासून एकदाही मेलं नाही. ही एक ओळ दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरात हवी. कमी रॅमवाल्या किती जणांनी इथूनच माघार घेतली असेल!

सीसीकॅश, म्हणजे आधी कंपाइल झालेलं साठवून पुन्हा वापरणारं टूल, चांगलं आहे, फार सांगत नाही. फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये तोच कोड डीबग माहितीसकट बिल्ड केला तर कॅश लागत नाही, कारण साठवलेलं ओळखायच्या खुणेत, म्हणजे हॅशमध्ये, फोल्डरचा पत्ताही जातो. त्याच्या सेटिंगमध्ये बेस डिर द्या आणि हॅश डिर बंद करा.

प्रोग्रामच्या आतल्या थ्रेडबद्दल, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांबद्दल, मात्र सांगायलाच हवं. माझं स्वतःचं एक छोटं ओपन सोर्स टूल आहे, फोटोंचे आकार बदलणारं. त्यात थांबण्याची खूण म्हणून साधा बूल (फक्त खरं किंवा खोटं धरणारी जागा) ठेवला होता. मुख्य थ्रेड तो खरा करतो, कामकरी थ्रेड लूपमध्ये वाचतो. डीबग बिल्डमध्ये वर्षभर बिनतक्रार चाललं. रिलीज बिल्ड दिलं आणि एका वापरकर्त्याकडे प्रोग्राम बंदच होईना. कोड वेगवान करणाऱ्या ऑप्टिमायझरने तो बूल लूपबाहेर एकदाच वाचून ठेवला होता, आणि भाषेच्या नियमाने त्याला तो हक्क आहे. बिल्डचा प्रकार बदलला की थ्रेडची चूक दिसते किंवा लपते, हे मला तेव्हा कळलं. बूलच्या जागी अ‍ॅटॉमिक बूल (अनेक थ्रेडनी एकदम वापरला तरी सुरक्षित) घातला, एका ओळीत काम झालं.

आता प्रत्येक बदलानंतर थ्रेड सॅनिटायझर या थ्रेडच्या चुका पकडणाऱ्या साधनाचं वेगळं बिल्ड करते. प्रोग्राम ५ ते १५ पट हळू होतो, मेमरीही ५ ते १० पट लागते. म्हणून ८ जीबीवर सगळ्या चाचण्या एकदम चालत नाहीत, एकेक करून लावते. कालच्या फेरीत रांगेच्या लांबीवर आणखी एक रेस (दोन थ्रेड एकाच गोष्टीला एकदम हात लावतात ती चूक) सापडली, आज संध्याकाळी त्यावरच बसणार आहे.