प्रोस्टेटची सूज: अचानक उसळणारी आणि रेंगाळणारी

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर लघवी दाबून बसणाऱ्यांनो, ही सवय आधी सोडा. पाणी कमी पिणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

अचानक उसळणारी सूज जंतूंमुळे येते, बहुतेकदा ई. कोलायमुळे. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, कधी लघवीच तुंबते. इथे ‘सकाळी बघू’ चालत नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठा. अँटिबायोटिक साधारण २ ते ४ आठवडे घ्यावं लागतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

रेंगाळणारी जास्त जणांना होते, आणि माझ्या मते जास्त छळते. ३ महिन्यांहून अधिक ओटीपोटात, जांघेत दुखतं; ताप नसतो, लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) बहुधा जंतूही सापडत नाहीत. मग अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स करून फारसं हाती लागत नाही. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, गरम पाण्याचा शेक, ताण कमी करणं यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. ऐरोलीत दिवसभर खुर्चीवर काम करत असाल, तर अधूनमधून उठून चाला. दारू, कॉफी, तिखटाने त्रास वाढतो का, तेही बघा.

दोन्हींत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं आणि रक्तात मोजलं जाणारं प्रथिन, वाढू शकतो; प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्येही तो वाढतो. रिपोर्ट बघून लगेच कॅन्सरच्या धास्तीने झोप उडवू नका. सूज उतरल्यावर पुन्हा कधी तपासायचं, ते यूरोलॉजिस्टला विचारा.