अप्पांचा बार नव्या मालकाकडं गेलाय, आता जावं का?

लातूरहून निलंग्याकडं जाताना आमच्या गावची पाटी लागते, तिथून डाव्या हाताला आत वळलं की शेताच्या कडेला जो परमिट रूम आहे त्याच्याबद्दल बरेच जण विचारायलेत, अप्पांनी बार दिला म्हणं, आता तिथं पहिल्यासारखं काही राहिलं का. म्हणून जरा सविस्तर लिहायलोय. जेवण तेच आहे, कामाची माणसं तीच आहेत, बसायची जागा मात्र बदलली आणि नेमकं तिथंच माझं नव्या मालकाशी पटत नाही.

ज्यांना जुनं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा बार आधी पाटीवरच होता, एकदम रोडला लागून. मोंढ्यात माल घालून परत निघालेले शेतकरी, ट्रकवाले, मास्तर लोक, सगळे तिथं थांबायचे. मग डिसेंबर 2016 मधे सुप्रीम कोर्टाचा हायवेवरच्या दारूचा निकाल आला आणि 1 एप्रिल 2017 पासून हायवेच्या 500 मीटरच्या आतले बार बंद झाले, 20,000 च्या आत लोकसंख्या असलेल्या ठिकाणी हे अंतर 220 मीटर केलं. अप्पांनी धावपळ करून लायसन आत स्वतःच्या शेतातल्या जागेवर हलवून घेतलं, वर पत्र्याचं शेड मारलं आणि समोरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली टेबलं टाकली. पुढं नियम ढिले झाले, रोडवरचे बरेच बार परत चालू झाले, अप्पा मात्र आतच राहिले कारण तोपर्यंत लिंबाखालची बैठक जमून गेली होती.

ती बैठक म्हणजेच हा बार, असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी सहाच्या आसपास एक एक जण यायचा, आडतीवरचे मुनीम, बोअरच्या गाडीवरचा ऑपरेटर, रिटायर झालेले एसटीचे ड्रायव्हर, हमाली करणारी दोघं भावकीतली माणसं, आणि लातूरला आज सोयाबीन काय भावानं गेलं हे मोबाईलवर बघायच्या आधी तिथंच कळायचं. एक माळकरी काका आहेत, ते थेंबभर पण घेत नाहीत, भावाला घरी न्यायला यायचे आणि तो उठेपर्यंत सोडा पीत बसायचे, अप्पांनी त्यांच्याकडून सोड्याचे पैसे कधी घेतले नाहीत. कुणाच्या बोअरला किती फुटावर पाणी लागलं, कुणाच्या पोरीचं जमलं, पीकविमा कुणाला आला कुणाला नाही, हे सगळं तिथं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, तर गावात कुणी नसतंय, सगळे शेतात, तरी दिवस मावळताना अप्पा आपल्या शेतातून भज्जी, उंडे आणि आंबिलीचा बिंदगा (मडकं) घेऊन यायचे, कारण रोजच्या गिऱ्हाइकांत दोन-तीन जण असे आहेत ज्यांच्याकडं ना शेत राहिलं ना घरी करणारं कुणी. अशी जागा गावात दुसरी नाही, देवळात एवढं मोकळं बोलता येत नाही आणि पारावर पोरं मोबाईल घेऊन बसलेली असतात.

अप्पांनी दिला कामून? गुडघे गेले, पोरं पुण्यात, हे एक कारण, पण हिशोबाचं कारण जास्त मोठं. 2023 च्या नोव्हेंबरपासून बारमधल्या दारूवरचा व्हॅट 5 टक्क्यांचा 10 झाला, मग 2025 मधे उत्पादन शुल्क वाढवलं आणि भारतीय बनावटीच्या विदेशीची 180 मिलीची बाटली कमीत कमी 205 रुपयांवर गेली, लायसनची फी वाढली ती वेगळीच. त्या जुलैत राज्यभर बारवाल्यांनी एक दिवस बंद पण पाळला. शहरातला बार हे गिऱ्हाइकावर टाकू शकतो, गावातलं गिऱ्हाईक सरळ वाईन शॉपमधून क्वार्टर घेऊन बांधावर जाऊन बसतंय. अप्पांना हे झेपेना. बरं हे काही किराणा दुकान विकल्यासारखं नसतंय, लायसन दुसऱ्याच्या नावावर करायचं म्हणजे एक्साइजकडं अर्ज, चौकशी, कलेक्टरचा आदेश, आणि दरवर्षी 31 मार्चच्या आत रिन्यूअल, त्यामुळं व्यवहार ठरल्यावरही बरेच दिवस बोर्डावर अप्पांचंच नाव होतं आणि गावात रोज नवीन अफवा.

नवा मालक उदगीरकडचा, वय असेल तिशीचं, पुण्यात हॉटेल लाईनमधे काम केलेला पोरगा. पहिली गोष्ट त्यानं अशी केली की स्वयंपाकाच्या मावशी आणि जुने वेटर काका दोघांनाही ठेवून घेतलं, आणि पगार दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत देतो असं काकांनी स्वतः सांगितलं. हे मी मुद्दाम लिहायलोय कारण हॉटेल हातबदल झालं की पहिल्यांदा जुना माणूस जातो आणि त्याच्यामागं चव जाते. इथं चव जागेवर आहे. काळ्या मसाल्याचं मटण तसंच, पातळ रस्सा, वर तेलाचा तवंग पण घशाशी येत नाही, चुलीवरची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. शेवभाजी आधीपेक्षा बरी झालीय, आधी शेव लगदा व्हायची आता वरून टाकून देतात. चकण्याचं मात्र वाईट झालं, अप्पांच्या काळात हंगामात उकडलेल्या शेंगा वाटीभर फुकट यायच्या, आता मसाला पापड आणि चना कोळीवाडा, दोन्हीचे पैसे. शेंगा आपल्याच रानातल्या आहेत, त्या परत चालू करायला काय हरकत आहे.

दुसरी गोष्ट, उधारीची वही बंद. यावरनं गावात लई बोंबाबोंब झाली, रोजचे चार-पाच जण तर रागानं दुसरीकडं जायलेत. मी या बाबतीत पूर्ण नव्या मालकाच्या बाजूनं आहे. सोयाबीन निघाल्यावर देतो म्हणून लिहून ठेवायचं, सोयाबीन निघायचं, भाव पडलेला असायचा, बँक आधी दारात, मग वहीतलं तसंच पुढच्या सालाला. ज्याच्या घरी पोराची फी थकली होती त्याचंच पान सगळ्यात जास्त भरलेलं असायचं. अप्पा चांगले होते म्हणून ते लिहून घ्यायचे, पण घरच्या बाईला ते चांगलं होतं का? रोख किंवा स्कॅन करून जेवढं जमतंय तेवढंच घ्या, हा नियम गावाच्या भल्याचाच आहे आणि तो मागं घेऊ नये.

अजून काही चांगलं सांगायचं तर बिल छापून येतं, त्यात व्हॅट वेगळा दिसतो, बाटली समोर आणून फोडतात. फॅमिलीसाठी वेगळी खोली केलीय, तिथं दारू देत नाहीत, आणि बायकांसाठी स्वच्छ बाथरूम झालंय, जे या रोडवर शोधून सापडत नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. लिंबाखालची टेबलं काढली आणि तिथं गाड्या लावायला लागले. शेडच्या जागी एसी हॉल झाला, काळी काच, जांभळी लाईट, भिंतीवर मोठा टीव्ही आणि मॅच नसली तरी गाणी चालू. मे महिन्यात भर दुपारी तो हॉल पाहिजेच, आपल्याकडचं ऊन सगळ्यांना माहितीय, त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळी तिथं धोतर नेसलेला, पायाला रानातली माती लागलेला माणूस आत जात नाही. त्याला कुणी अडवत नाही, काका उलट बोलावतात, तोच काचेपाशी थांबून मागं फिरतो. आणि गेलाच तरी बोलायचं कसं, शेजारच्याचं ऐकू येत नाही. एसटीचे ड्रायव्हर आता घरीच असतात, माळकरी काका गाडीवर बसूनच भावाला फोन लावतात.

मी मालकाला विचारलं, मालक ती टेबलं कामून काढली. त्यानं सरळ सांगितलं की लायसनला मंजूर नकाशा असतो, त्यात दाखवलेल्या जागेतच दारू देता येते, झाड नकाशात नाही, चेकिंगला आले तर लायसन माझं जातंय. पोरगा खोटं बोलत नाही, नियम तसाच आहे, अप्पांच्या वेळी कुणी बघितलं नाही एवढंच. पण मग नकाशा दुरुस्त करून घ्या ना! जागा वाढवायची तर एक्साइजकडं अर्ज करून नवा नकाशा मंजूर करून घेता येतो, खर्च येईल, चकरा माराव्या लागतील, पण एसीवर जेवढे घातले त्याच्यापुढं हा खर्च काहीच नाही. आणि तोपर्यंत झाडाखाली नुसता चहा, सोडा, भाकरी द्या, त्याला कुणाचा नकाशा आडवा येत नाही. गाड्या पलीकडच्या मोकळ्या रानात लागतील, जागा भरपूर आहे.

हे वाचून मालकाला कुणी सांगणार असेल तर नक्की सांगा, रिन्यूअलच्या आधी अर्ज टाका म्हणावं, चकरा मारायला सोबत लागली तर आम्ही येतो.

बाकी नवीन जाणाऱ्यांसाठी, सध्या संध्याकाळी सातच्या आत गेलात तर टीव्ही बंद करायला सांगता येतो, काका करतात. मटण रोज नसतं, बुधवारी आणि रविवारी असतं आणि रविवारचं दुपारी दोनपर्यंत संपतं. पाटीपासून आतला रस्ता कच्चा आहे, पावसाळ्यात कार नेऊ नका, पाटीवर लावून चालत जा, आणि पिणार असाल तर गाडी चालवायला न पिणारा माणूस सोबत घ्या. जेवणाला मी पाचपैकी साडेचार देतो, जागेला आत्ता अडीच.