दिल्लीचं अभिलेखागार की नागपूरचं?
दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार १८९१ साली कलकत्त्यात इम्पिरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट म्हणून सुरू झालं. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, त्यामागची वरिष्ठ ब्रिटिश सरकारची धोरणं शोधायची तर दिल्लीच गाठावी. तिथली लाखो पानं आता ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, ही मोठीच सोय.

पण मालगुजारी (जमीनमहसुलाची जुनी पद्धत), जंगल, दुष्काळ असे विषय असतील तर मी आधी राज्य पुराभिलेखाच्या नागपूर शाखेत जाईन. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर होतं, कारभार इथूनच चालायचा. जुनी फाईल उघडली की पिवळ्या कडांचा भुगा बोटांना लागतो, समासात अधिकाऱ्याचा शेरा दिसतो. तो शेरा पुष्कळदा मूळ पत्रापेक्षा जास्त सांगतो. म्हणून इथलेही कागद लवकर स्कॅन व्हावेत, असं मनापासून वाटतं.